दुकान गावात की शहरात? भाड्याच्या आधी उधारीचा हिशेब

“गावात वडिलांचं घर आहे, पुढची खोली रिकामी पडलीय, भाडं शून्य. मग इंदुरात महिना पंचवीस हजार मोजून जागा कशाला घ्यायची?” धंदा काढायचं ठरलं की हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. शहरातल्या नातेवाइकांचं उत्तरही तयार असतं, “जागा आहे रे, पण गिऱ्हाईक कुठून आणशील?” दोघंही खरं बोलतात आणि तरी वाद सुटत नाही, कारण दोघांचं लक्ष दुकानाच्या जागेवर असतं. त्याआधी बघायचं असतं ते दुसरंच. घातलेला पैसा किती दिवसांनी परत हातात येतो, आणि तो येईपर्यंत आपला दम टिकेल का?

इंदूरच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पावणेतेहतीस लाखांच्या आसपास होती आणि त्यातले जवळपास तीन-चतुर्थांश लोक शहरी भागात राहत होते. म्हणजे इथलं गाव शहरापासून फार लांब नसतंच. सांवेर, देपालपूर किंवा महूकडच्या कितीतरी गावांतून मोटरसायकल काढली की तास-सव्वा तासात माणूस राजवाड्याला, म्हणजे शहराच्या मुख्य बाजारात. याचा फायदा सगळ्यांना कळतो: माल शहरात विकता येतो. तोटा मात्र दुकान उघडल्यावर कळतो. तुमच्या गावातलं गिऱ्हाईकही तितक्याच वेळात राजवाड्याला पोचतं.

म्हणून गावात काय विकायचं, याची एक साधी चाळणी लावावी. ज्या वस्तूसाठी माणूस गाडी काढत नाही, ती गावात विकली जाते: मीठ-तेल, रिचार्ज, पंक्चर, दळण, तापाची गोळी, पंप बिघडला की लागणारा मेकॅनिक. ज्या वस्तूसाठी माणूस मुद्दाम दिवस काढतो, चार दुकानं फिरतो, घरच्यांना सोबत घेतो, ती खरेदी शहरातच होते. लग्नाची साडी घ्यायला लोक एम. टी. क्लॉथ मार्केटलाच येणार. तुम्ही गावात तोच माल दहा टक्के स्वस्त दिलात तरी येणार, कारण त्या दिवशी त्यांना साडीसोबत बाजारही बघायचा असतो.

भाडं नफ्यातून जातं, उधारी भांडवलातून

आता आकडे घेऊ. हे सगळे मानलेले आहेत. तुमचे तुम्ही भरा.

समजा, गावात किराणा काढला. घरची जागा, भाडं नाही. महिन्याची विक्री दीड लाख. शहरात अशाच जागेला पंधरा हजार भाडं पडलं असतं, म्हणजे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार वाचले. इथपर्यंत गाव स्वस्त.

पण माळव्यातल्या शेतकऱ्याच्या घरात मोठा पैसा वर्षातून मुख्यतः दोनदा येतो. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरच्या सुमाराला, आणि गहू मंडीत गेला की मार्च-एप्रिलात. पेरणीत हातातला पैसा बी-खतात जातो, आणि जुलैपासून किराण्याची वही भरू लागते. दीड लाखाच्या विक्रीतली चाळीस टक्के उधारीवर गेली असं धरा. महिन्याला साठ हजार. जुलै ते ऑक्टोबर चार महिन्यांत वहीत दोन लाख चाळीस हजार. त्यातला तुमचा नफा बारा टक्के बाजूला काढला, तरी सुमारे दोन लाख अकरा हजार रुपये तुमच्या खिशातून बाहेर गेलेले आहेत. इंदूरच्या सियागंज या घाऊक बाजारातला व्यापारी मात्र सोयाबीनची वाट बघत बसत नाही. त्याला पंधरा दिवसांत पैसे हवेत.

या अडकलेल्या रकमेवर वर्षाला बारा टक्क्यांनी व्याज मोजलं तर चार महिन्यांत जेमतेम पाच हजारांच्या वर निघतं. भाड्याच्या मानाने काहीच नाही! म्हणूनच लोक फसतात. इथे दुखणं व्याजाचं नसतं. ते दोन लाख अकरा हजार सप्टेंबरात तुमच्याकडे नसतात, हे दुखणं असतं. फळ्या रिकाम्या दिसू लागतात, रोखीचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात वळतं, आणि वहीत नफा दिसत असताना दुकान बसतं. शहरातलं भाडं दर महिन्याला नफ्याला चिमटा घेतं, पण ते किती आहे हे आधीपासून माहीत असतं. उधारी थेट भांडवलात हात घालते, आणि किती खोलवर घालेल ते पावसावर ठरतं. सोयाबीन गेलं तर दिवाळीची वसुली गव्हावर ढकलली जाते. तगादा लावायचा तर समोर सख्खा काका असतो.

गावात धंदा काढणाऱ्याने म्हणूनच भाड्याचे वाचलेले पैसे नफ्यात धरूच नयेत. ते बाजूला ठेवावेत. खेळतं भांडवल तेच. नव्या दुकानाला निदान एका हंगामाची उधारी सोसता येईल इतकी रक्कम हातात हवी. ती नसेल तर रोखीचा धंदा निवडा. चक्की, सलून, चहा, दुरुस्ती यांत उधारी होते, पण ती दहा-वीस रुपयांची असते, पोत्यांची नाही.

शहरात उधारी नसते असं मात्र समजू नका. दुकानाच्या काउंटरवर ती कमी असते. हॉटेलांना, केटररना, कंपन्यांच्या कँटीनला माल पुरवू लागलात की दोन-दोन महिने बिलं लटकतात. इथे एक कायदा उपयोगी पडतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती आधारवर ऑनलाइन होते आणि फुकट आहे. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटला नमस्कार करून निघा. मात्र हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता.

शहरात रोज किती विकावं लागेल

शहराचा हिशेब उलट्या बाजूने करायचा. आधी न टळणारा खर्च काढा. समजा, पोहे-साबुदाणा खिचडी-थालीपिठाचं छोटं दुकान. भाडं २५,०००, दोन माणसांचे पगार २४,०००, वीज ६,०००, किरकोळ ५,०००. झाले ६०,०००. एक प्लेट विकली नाही तरी हे जाणारच. शंभर रुपयांच्या विक्रीत कच्चा माल आणि गॅस वजा जाता चाळीस उरतात असं धरलं, तर साठ हजार भरून काढायला महिन्याला दीड लाखाची विक्री हवी. रोजचे पाच हजार. पन्नास रुपयांची प्लेट असेल तर शंभर प्लेटा, आणि त्याही महिन्याचे तीसही दिवस. तुमचा स्वतःचा पगार एकशे एकाव्या प्लेटपासून सुरू.

यात घरपोच मागवायच्या ॲपचं कमिशन आणून बघा. शंभरातले पंचवीस तिकडे गेले असं समजलं, तर चाळीसचे पंधरा उरतात. मग तोच साठ हजारांचा खर्च भरायला चार लाखांची विक्री लागते. ॲपवर ऑर्डरी धो-धो येतात आणि महिन्याअखेरीला गल्ला रिकामा, याचं कारण बहुतेक वेळा याच भागाकारात सापडतं.

याशिवाय डिपॉझिट, काही जुन्या बाजारांत पगडी (जागा मिळवायला भाड्याव्यतिरिक्त एकरकमी द्यायचा पैसा), फर्निचर, पाटी. हा सगळा पैसा पहिली प्लेट विकण्याआधी जातो.

मग शहरात जायचंच कशाला? कारण गावात गिऱ्हाईक मोजता येतं, आणि ते मोजून संपतं. तीन हजार वस्तीच्या गावात साधारण सहाशे घरं. तिथे ब्यूटी पार्लर काढलं, दीडशे बायका दोन महिन्यांतून एकदा आल्या, दर वेळी दोनशे रुपये दिले: महिन्याचे पंधरा हजार. सामान आणि वीज जाऊन दहा-अकरा उरतील. घर सांभाळून करणारीसाठी हे उत्पन्न चांगलंच आहे, आणि जोखीम जवळपास नाही. पण पुढच्या वर्षी ते दुप्पट होणार नाही, कारण गाव दुप्पट होणार नाही. वाढायचं असेल तर शेजारच्या गावांत जावं लागतं, किंवा हाटाच्या दिवशी तिथून येणाऱ्यांना धरावं लागतं.

स्पर्धेचं गणितही दोन्हीकडे वेगळं. गावात दुसरी चक्की निघाली की पहिलीचं दळण अर्धं होतं. शहरात छप्पन दुकानला जाऊन बघा: खाण्याची दुकानं एकाला एक लागून, आणि तरी, खरं तर म्हणूनच, गर्दी. लोक एका दुकानासाठी येत नाहीत, त्या जागेसाठी येतात. नव्याला त्या गर्दीतला तुकडा मिळतो. म्हणून शहरात आपल्यासारख्याच दुकानांच्या जवळ जाण्यात बऱ्याचदा शहाणपण असतं, गावात ते आत्मघातकी.

शहरातलं भाडं कसं पचवायचं याचा उत्तम धडा तर आपल्या सराफ्यातच आहे. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडू. एकाच जागेवर दिवसातून दोन बाजार. स्वतंत्र जागा परवडत नसेल तर असा वाटा शोधावा: सकाळी आठपर्यंत बंद असणाऱ्या दुकानाच्या ओट्यावर नाश्ता, दुपारी रिकाम्या असणाऱ्या क्लासच्या खोलीत शिवणवर्ग. करार तोंडी ठेवू नका, एवढंच.

धंदा अख्खा एका जागी असायलाच हवा का?

मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो क्वचितच कुणी विचारतं.

बटाट्याचं उदाहरण घेऊ. केंद्राच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ यादीत खाद्यप्रक्रियेसाठी इंदूरच्या नावापुढे बटाटाच आहे. बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. शंभर किलो बटाट्याचे वाळवलेले चिप्स वीस किलोसुद्धा भरत नाहीत. म्हणजे कच्चा बटाटा शहरात आणून तिथे चिप्स करणं म्हणजे टेम्पोचं भाडं भरून पाणी वाहून आणणं. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये हाच नियम मांडला होता: प्रक्रियेत ज्याचं वजन घटतं तो उद्योग कच्च्या मालाजवळ असावा, ज्याचं वाढतं तो गिऱ्हाइकाजवळ. साखर कारखाना उसाच्या शेतांजवळ असतो आणि बर्फाचा कारखाना बाजाराजवळ, ते याचमुळे.

पण आता तेच चिप्स तळून पाकिटात भरा. वजन कमीच राहतं, आकार फुगतो. पाकिटात चिप्सपेक्षा हवा जास्त! टेम्पो वजनाने भरायच्या कितीतरी आधी जागेने भरतो. शिवाय तळलेला माल खवट होतो, वाळवलेला महिनोन्‌महिने टिकतो. तेव्हा कापणं, उकळणं, वाळवणं गावात, शेताजवळ, जिथे ऊन आणि मोकळी जागा आहे. तळणं आणि पाकिटबंद करणं शहरात, विक्रीजवळ. एकच धंदा, दोन पत्ते.

याच नजरेने आपल्या घरगुती पदार्थांकडे बघा. पापड, कुरडया, सांडगे, मेतकूट, भाजणी: टिकाऊ, उन्हाचं किंवा हाताचं काम जास्त. हे गावात करावं. पुरणपोळी, मोदक, ताजं श्रीखंड: आज केलं तर उद्यापर्यंत खपायला हवं. हे लोकमान्य नगर, सुदामा नगरसारख्या मराठी वस्तीच्या जवळच करावं, आणि शक्यतो ऑर्डर घेऊनच करावं.

चिप्सवाल्यांसाठी एक कडू गोष्ट: बटाटा धुतल्या-उकळल्याचं पांढरं पाणी. त्यात स्टार्च असतो, ते साचलं की दोन दिवसांत घाण वास मारतं, आणि ओढ्यात सोडलं तर गाव तुमच्याविरुद्ध उभं राहतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि पाण्याची व्यवस्था हा खर्च पहिल्याच दिवशी धरा. गावात सगळं चालतं, या समजुतीवर उभं केलेलं शेड पुढे महाग पडतं.

सरकारच्या नजरेत तुमचं गाव गाव आहे का?

अनुदानात गाव आणि शहर यांत खरोखर फरक आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, २००८ पासूनचा. त्यात सर्वसाधारण गटातल्या माणसाला प्रकल्पखर्चाच्या १५ टक्के अनुदान शहरात आणि २५ टक्के ग्रामीण भागात मिळतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग अशा विशेष गटाला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. दहा लाखांच्या प्रकल्पावर एका महिलेला शहरात अडीच लाख, गावात साडेतीन लाख. स्वतःचे पैसे सर्वसाधारण गटाने १० टक्के घालायचे, विशेष गटाने ५ टक्के.

यात दोन खाचा आहेत. पहिली, हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावावर बाजूला ठेवलेले असतात, धंदा चालू असल्याची खात्री झाली की कर्जात वळते होतात. मशीन घ्यायला ते वापरता येणार नाहीत. दुसरी, ‘ग्रामीण’ कुणाला म्हणायचं? २०२२ पासून नियम सरळ आहे: पंचायतीच्या हद्दीत असेल ते ग्रामीण, पालिकेच्या हद्दीत असेल ते शहरी. आजूबाजूला शेतं दिसतात की नाही याला अर्थ नाही. इंदूर महानगरपालिकेत २०१४ मध्ये आसपासची २९ गावं आली. तिथले लोक आजही ‘आमचं गाव’ म्हणतात, पण ते वॉर्डात राहतात. हातोद, बेटमा, गौतमपुरा हे आपण गावच समजतो, तिथे नगर परिषद आहे. दोन किलोमीटर पलीकडची पंचायत मात्र ग्रामीण. शेड कुठे टाकायचं हे ठरवण्याआधी ही रेघ कुठून जाते ते जिल्हा व्यापार व उद्योग केंद्रात विचारा, आणि योजनेचे त्या वर्षीचे नियमही तिथेच बघून घ्या, कारण अशा योजना टप्प्याटप्प्याने मंजूर होतात.

मुद्रा कर्जात आणि छोट्या खाद्य उद्योगांच्या पीएमएफएमई योजनेत असा गाव-शहर भेद नाही. पीएमएफएमईत दोन्हीकडे ३५ टक्के, कमाल दहा लाख. केवळ अनुदान दहा टक्के जास्त मिळतं म्हणून धंदा गावात नेऊ नका. ते एकदाच मिळतं, वाहतूक रोज लागते.

कागदपत्रांचं थोडक्यात. खाद्यपदार्थांची नोंदणी आणि उद्यम दोन्हीकडे सारखंच. शहरात वर गुमास्ता (दुकानाची नोंदणी) आणि महापालिकेचा व्यापार परवाना. गावात पंचायतीचं ना-हरकत पत्र, आणि शेतजमिनीवर बांधकाम असेल तर डायवर्जन, म्हणजे जमीन कागदोपत्री बिगरशेती करून घेणं. ते नसलं की तेवढ्यावरून बँकेत अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात. वडिलांच्या घरातली ‘फुकट’ खोली तपासा: आबादीतल्या, म्हणजे गावठाणातल्या, जुन्या घरांना बऱ्याचदा मालकीचा कागदच नसतो, आणि चार भाऊ हिस्सेदार असतात. स्वामित्व योजनेत असा हक्काचा कागद मिळू लागला आहे. तो काढून घ्या आणि भावांकडून लेखी संमतीही.

विजेचं एक सांगायलाच हवं. शेतीच्या पंपाच्या जोडणीवर चक्की किंवा तेलघाणी चालवता येत नाही. दर वेगळा, फीडर वेगळा, आणि शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तासच असते. थ्री-फेजची बिगरशेती जोडणी घ्यायची तर खांब किती लांब आहे यावर खर्च ठरतो. मशीनचं कोटेशन घेण्याआधी वीज कंपनीकडून हे कोटेशन घ्या. माणसांचं म्हणाल तर गावात कापणीला कामगार गायब होतात, आणि तरणी पोरं पीथमपूरच्या कारखान्यांकडे बघतात. शहरात हजार रुपये जास्त मिळाले की पोहेवाला शेजारी जातो. दोन्हीकडे सारखीच डोकेदुखी.

शेवटी जीएसटी, कारण मराठी घरांतून सुरू होणाऱ्या धंद्यांना तो एका ठिकाणी हटकून आडवा येतो. मध्य प्रदेशात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेल्यावर नोंदणी करावी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या पुढे. गावातल्या आणि शहरातल्या बहुतेक छोट्या धंद्यांना म्हणून सुरुवातीला चिंता नसते. पण ही ४० लाखांची सूट राज्यातल्या राज्यात विकण्यापुरती आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, आणि कमी कर व कमी कागद असलेली कंपोझिशन योजनाही त्याला चालत नाही. सेवेचं तसं नाही: महूजवळच्या गावात बसून मुंबईच्या गिऱ्हाइकाचं डिझाइनचं काम करणाऱ्या मुलीला २० लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही. मालाला आहे. पुण्याच्या आत्याला इंदुरी शेवेचा डबा भेट पाठवणं वेगळं; तिच्या सोसायटीतल्या वीस बिऱ्हाडांकडून पैसे घेऊन दर महिन्याला पार्सल पाठवणं हा आंतरराज्य व्यापार झाला, मग शेव इंदुरात पाडलेली असो की देपालपूरच्या घरात.